मोजायचा नाही तो दिवा

वडनेर भोलजीच्या वाचनालयातलं मुलांचं कपाट सहा महिने रिकामं होतं. ग्रंथपाल दीपमालाने ठिकठिकाणी पत्रं पाठवली, तेव्हा कुठे ठाण्याहून एक खोकं आलं. पाठवणाऱ्या रिबेकाबाई निवृत्त परिचारिका. त्यांचं लहानपण शेजारच्या नांदुऱ्यात गेलेलं. आत चाळीस पुस्तकं, सगळी एकच: ज्यूंच्या हनुक्का सणाचं अंकपुस्तक, मराठी, हिंदी आणि हिब्रू भाषांत.

वाचनालयाचे अध्यक्ष शंकररावांनी खोकं दोन हात लांबूनच पाहिलं. या सणाशी गावाचा काय संबंध, हा धर्माचा प्रचार तर नाही, असं त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाले, "पोरी, फुकट कोनी काऊन देईन? तू सायन्सवाली, तपास. एक जरी खोट निघाली त चारच्या गाडीनं खोकं वापस."

दीपमालाने पुस्तक उघडलं. आठचा आकडा, खाली दिवे. तिने बोट ठेवून मोजले, तर नऊ. पुढे सात, दिवे आठ. मग सहा, दिवे सात. एकाचं पान झालं तसं तिने पुस्तक मिटलं. छपाईत बिघडलेला माल खेड्यात ढकलायचा आणि वर दानाचं पुण्य घ्यायचं, असला प्रकार तर नव्हे? पोरांना चुकीचं मोजायला शिकवण्यापेक्षा रिकामं कपाट बरं.

तरी तिला चैन पडेना. चित्र काढताना हात चुकला की कधी कमी होतं, कधी जास्त. इथे आठही पानांवर नेमका एकच दिवा जास्त, आणि तोही बाकीच्यांपेक्षा उंचावर. म्हणजे कुणीतरी हे मुद्दाम केलं होतं. मुद्दाम म्हटल्यावर संशय उलट वाढलाच.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या नूरजहां आपा समोर पेपर वाचत होत्या. त्यांनी पुस्तक घेतलं, पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूने उघडलं. "तू मांगून सुरू केलं, बाई. हिब्रू उजवीकडून वाचतेत. आमची उर्दूची पुस्तकं बी अशीच उघडतेत."

दीपमालाने न पाहिलेलं पान समोर आलं. त्यावर लिहिलं होतं: रोज एक दिवा वाढवायचा. उंचावरचा दिवा मोजायचा नाही. त्याने बाकीचे पेटवायचे.

साडेतीनला शंकरराव आले. त्यांना हे सांगून पटेना. उंच दिव्यावर अंगठा ठेवून त्यांनी एक ते आठ पानं स्वतः मोजली. बरोबर आली, तसे जास्तच साशंक झाले. "मोजायचाच नाही त काढला कायले?"

"शंकरभाऊ," आपा पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "पंगतीत तुमीच वाढता ना? पानं मोजतानी सोताले धरता का?"

गावातल्या प्रत्येक पंगतीत भाजीची बादली शंकररावांच्याच हाती असते. त्यांनी उंच दिव्यावरचा अंगठा उचलला. मग खोकं मिळाल्याच्या पावतीवर सही केली. बाहेर चारची गाडी हॉर्न देऊन निघून गेली.

जाताना मात्र एक प्रत त्यांनी पिशवीत टाकली. "घरी नेऊन अजून तपासतो. अशाचा भरोसा नसते."

मुलांच्या कपाटाच्या नोंदवहीत पहिलं नाव पडलं ते शंकररावांचं.