रेंज नसताना वाढणारं नाणं

वडीगोद्रीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्या गर्दीत सगळ्यांच्याच मोबाईलची रेंज गेली, आणि तिथेच चमत्कार घडला. रेंज नाही, नेट नाही, तरी मोबाईलवरच्या ‘अखंड कॉइन’ अ‍ॅपमधला आकडा वाढतच होता!

“बघितलं?” हे नाणं विकणारा बद्रीनाथ व्यासपीठावरून गरजला. कोट नवा, टाय भडक, बाकी माणूस वाटूर गावचाच. “बँकेला सुट्टी राहती, मोंढा बंद राहतो, शेअर बाजार आपटतो. आपलं नाणं बिलकुल थांबत न्हाई! ना दलाल, ना अडत्या. यालाच म्हणत्यात विकेंद्रित वित्त!”

शब्द कुणालाच कळला नाही, म्हणून टाळ्या जरा जास्तच पडल्या.

ज्योत्स्नाबाईंनीही टाळीसाठी हात उचलले, पण ते तसेच राहिले. बाई शाळेत विज्ञान शिकवत. पौर्णिमेला विहारात लिंबातून रक्त काढून दाखवत आणि त्यामागचं रसायनही सांगत. अंगात येणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी गप्प बसवलं होतं. पण या नाण्याला ना शेंदूर, ना अंगारा. सगळा कारभार संगणकाचा. तिथेच त्या फसल्या. दिवाळीत नफा हाती आला तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले. मग काय, “मॅडमनी पैसे टाकले म्हणजे ही बुवाबाजी नसणार,” म्हणत निम्मं गाव मागे आलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गिरिजामावशी आज लेकीच्या, शीतलच्या, नर्सिंगच्या फीचे पैसे घेऊन आल्या होत्या.

रेंजच नाही, तर बाजारात भाव वाढला हे मोबाईलला कळलं कसं? एवढा साधा प्रश्न आपल्याला आजवर सुचला नाही, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आता मॅडम आपला अनुभव सांगतील!” बद्रीनाथने पुकारलं.

बाई वर गेल्या. “मोंढ्यात मोसंबीचा भाव कुणामुळे ठरतो?”

“घेणाऱ्यामुळं!” लोक म्हणाले.

“शेअरचं तसंच. खऱ्या क्रिप्टोचंही तसंच. घेणारा मागे सरला की भाव पडतो. बाजार घाबरला की पुष्कळदा दोन्ही सोबतच पडतात. मग आपलं नाणं एकदाही का पडलं नाही?”

“मॅडम, टेक्नॉलॉजी हाय ती,” बद्रीनाथ हसला. “खोलात शिरलं की डोकं दुखतं.”

“दुखू द्या.” बाईंनी मोबाईलची तारीख एक वर्ष पुढे केली. आकडा दुप्पट झाला. तारीख मागे नेली, आकडा घसरला. “तुम्हीही करून बघा.”

सगळं सभागृह तारखा फिरवू लागलं. एक म्हातारा वीस वर्षं पुढे जाऊन करोडपती झाला आणि खोकला येईपर्यंत हसला. मग हळूहळू हसू थांबलं.

“तारीख बघून आकडा फुगवतं, एवढंच हे यंत्र. यामागे ना नाणं आहे, ना बाजार.”

“मंग तुम्हाला दिवाळीत मिळालेले पैसे?” कुणीतरी विचारलं.

बाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला. “ते माझ्यामागून आलेल्यांचे होते. तुमच्याच पैशांचे पेढे मी तुम्हाला चारले.”

बद्रीनाथ मागच्या दाराने सटकत होता. पोरांनी त्याला धरलं. दारात पैसे घेणारी त्याची माणसं मात्र थैलीसकट केव्हाच पसार झाली होती.

“मावशी, तुमचे तरी वाचले,” खाली उतरत बाई म्हणाल्या.

“न्हाई, मॅडम. मघाशी दारातच भरले. तुमचं नाव सांगितलं त्यांनी, मंग म्या पावतीबी मागितली न्हाई.”

बाईंना मान वर करवेना. “चला ठाण्यात. तक्रारीत बद्रीनाथखाली माझं नाव लिहा.”

“तुमचं कशापायी? तुम्हीच तर त्याला उघडं पाडलं.”

“त्याआधी त्याला खरं मीच ठरवलं होतं ना! मावशी, बुवा असो, कोटवाला असो, कुणी काही सांगितलं की ‘कशावरून?’ विचारायचं. मी सांगितलं तरी विचारायचं.”

मावशींनी पदराने डोळे पुसले. “मंग आत्ताच इचारते. फीची तारीख परवा हाय. कोण भरणार?”

“मी भरते, माझ्या पगारातून,” बाई म्हणाल्या. “आणि मावशी, माझे आभार मानू नका.”