डब्यातले पैसे डब्यातच

घड्याळवाल्याच्या घरात पैसेसुद्धा एकमेकांना ओळख दाखवत नसत. स्वयंपाकघरातल्या फळीवर चार डबे होते: भाडं, वीज, किराणा आणि औषध. डब्यातले पैसे डब्यातच, हा नियम त्यानंच घातला होता. तरुणपणी एका मित्राच्या नादी लागून तो चांगलाच पोळला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. हा तर ताक कुलपात ठेवायचा.

पाचवा डबा बँकेत होता. मुलगी चिमी जन्मली त्याच महिन्यात नवराबायकोनं तिच्या शिक्षणासाठी खातं उघडलं. अकराव्या वर्षी चिमी तापानं गेली. त्याला सात वर्षं झाली, तरी दर एक तारखेला तो पैसे भरतच होता. भरणं थांबवलं की ती खरोखरच गेली, असं त्याला वाटायचं. बँकेतल्या बाईंनी एकदा सहज विचारलं, "मुलगी आता कॉलेजात असेल ना?" तो "हो" म्हणाला आणि पावती घेऊन निघाला.

घरी हा विषय कधी निघत नसे. एक तारखेला बायको त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवी, इतकंच.

ती घरी शिवणकाम करायची. गेले काही महिने तिचा उजवा खांदा सारखा दाराच्या चौकटीला धडके. चहा कपाबाहेर सांडे. "लक्ष कुठंय तुझं?" असं तो खेकसायचा. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस; एका डोळ्याच्या जगण्याची त्याच्याइतकी माहिती कुणाला? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी शिवताना सुई तिच्या बोटात घुसली, तेव्हा तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "उजवा डोळा गेलाय, तो आता परत येणार नाही. सहा महिने आधी आला असतात तर वाचला असता. डाव्याचं ऑपरेशन याच आठवड्यात करा."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली.

"कधीपासून दिसत नव्हतं?"

"तुमची कवळी केली ना, त्याच सुमारास कमी व्हायला लागलं."

"मग बोलायचं नाही का?"

"औषधाचा डबा तुमच्या दातांतच रिकामा झाला होता. म्हटलं, भरला की जाऊ."

"अगं, बाकीचे तीन डबे काय शोभेला होते?"

"नियम कुणाचा?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "आणि त्या तीन डब्यांत ऑपरेशन भागलं नसतं हो. चिमीचं मोडावं लागलं असतं."

"मोडलं असतं की!"

"मोडलं असतंत?"

तिनं त्याच्याकडे सगळी मान वळवली, कारण तो तिच्या उजवीकडे बसला होता. "हो" त्याच्या जिभेवर तयारच होतं, बँकेतल्यासारखं. पण त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण काय केलं असतं ते त्याला ठाऊक होतं. थेंब घालून बघू म्हटलं असतं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हटलं असतं, आणि एक तारखेला शर्ट घालून निघालो असतो.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं हात पुढे केला, तो त्याच्या गुडघ्याला न लागता बाकावर पडला. त्यानं तो उचलून घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंनी खातं बंद करायचा अर्ज पुढे सरकवला. "अरे वा, मुलीच्या कॉलेजची फी भरायची वाटतं?"

"मुलगी नाहीये," तो म्हणाला. "सात वर्षं झाली."

हे वाक्य त्यानं परक्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारलं. बाईंचा चेहरा उतरला. बायकोनं सही केली ती चौकटीच्या बाहेर गेली; त्यानं तिचं बोट धरून जागा दाखवली.

ऑपरेशन झालं. नजर किती राहील ते पट्टी सुटल्यावर कळणार होतं. तेवढ्यात एक तारीख आली. सकाळी तो उठला तर शर्ट खुर्चीवर होता. इस्त्री नव्हती, उलटाच ठेवलेला होता.

"चाचपडत काढला," ती अंथरुणातून म्हणाली. "तुमचाच आहे ना?"

"माझाच," तो म्हणाला. शर्ट सुलट करून त्यानं घातला, गुंड्या लावल्या, नेहमीचे पैसे खिशात ठेवले आणि फळीसमोर उभा राहिला. कुठल्या डब्यात टाकावेत, ते त्याला कळेना.