डावं चाक

म्हाळसाबाईचं कमरेचं हाड मोडलं आणि एसटीच्या पायऱ्या चढणं सुटलं. पण शनिवारी खुलताबादच्या मारुतीचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, हा नेम काही सुटेना. म्हणून तिच्या नवऱ्यानं, हर्सूलच्या सांडू फिटरनं, घरीच तीनचाकी बांधली.

जुन्या स्कूटरचं इंजिन, पुढं एक चाक, मागं दोन. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर फिरवली तर वळणावर एक फरफटणार. म्हणून साखळी एकट्या डाव्या चाकाला दिली आणि म्हाळसाबाईची बैठक बरोबर त्या चाकावर ठेवली.

"तू बसलीस की चाक रस्ता धरतं."

"म्हंजी मी लठ्ठ, असंच ना?"

"लठ्ठ नाय गं. तुझ्याबिगर घाट चढायची नाय ही."

दोन वर्षं गाडी चढली. यंदा दिवाळीनंतर मात्र घाटात डावं चाक जागेवरच गरगरायला लागलं. खडी मागं उडायची, गाडी हलायची नाही. वाटसरू ढकलून वर न्यायचे. सांडूनं साखळी ताणली. टायर नवा टाकला. जोर वाढावा म्हणून इंजिनाकडचं दातेचक्र लहान बसवलं, तर चाक आणखीच फिरायला लागलं.

वेल्डिंगवाला बन्सी वाकून बघत हसला. "भाऊ, जोर लई हाय. चाकावर वजनच नाय. वहिनीला घरी ठेवून उशी बसवता का काय?"

सांडू हसला नाही. दर शनिवारी तोच तिला उचलून बसवायचा. हलकी लागायची, त्याला वाटायचं, हाताला सवय झाली.

शनिवारचा उपास होताच. मग सोमवार आला, गुरुवार आला, चतुर्थी आली. उपास का धरला हे विचारायचं नाही, ही घरची रीत. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा विचारलं.

"अवं, घासच उतरत नाय," ती हळूच म्हणाली. "देवाच्या नावाखाली झाकलं. त्याला तेवढं चालतंय."

डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून सांडूला सांगितलं, फार उशीर झालाय.

शनिवारी ती न्हाऊन तयार. सांडूनं बैठकीखाली वाळूचं पोतं आवळून बांधलं, वर गोधडी टाकली. घाटात चाकानं रस्ता धरला.

"चढली की! काय केलंत?"

"टायर बदलला."

म्हाळसाबाईचा हात गोधडीखाली गेला, पोत्यावरून फिरला, तिथंच थांबला.

"किती किलोचा हाय टायर?"

सांडूनं भोंगा वाजवला.

"दोर जरा ढिला ठेवा," ती म्हणाली. "अजून भरावं लागंल."

पुढं वळण होतं. सांडूनं गियर टाकला.