कॉटेजातली अळंबी

निलेशनं सारजाबाईची पाटी वतली ना, तितनंच सगळं सुरू झालं बघा. मळवलीच्या वरच्या अंगाला निलेशचं रान, त्यात कमरेएवढं वारूळ. श्रावणात त्यावर पांढरी अळंबी उठायची, आन ठाकरवाडीची सारजाबाई ती काढून न्यायची. तिच्या सासूपासनं चालत आलेलं. कदी कुनी हटकलं न्हाई. पण त्या दिवशी निलेशकडं पुण्याचे पावणे. त्यांच्यापुढं रुबाब दावायला त्यानं तिला चोर म्हणलं, पाटी पालथी केली आन अळंबी बुटानं तुडवली. सारजाबाई खाली बसली, चांगले चार देठ निवडले, पदरात बांधले आन गेली.

दिवाळी झाल्यावर निलेशनं नेमकं तितंच, पावण्यांना भाड्यानं द्यायला लाकडी कॉटेज काढलं. जेसीबीनं वारूळ सपाट. पायाच्या भरावाला बायका पायजे हुत्या, तर सारजाबाई आपणहून गेली. घरच्यांनी लाज काढली तिची.

सोपान मिस्त्री म्हणला, खाली वाळवी आसंल, औषध मारून घेऊ. निलेशनं हिलाच इचारलं, "मावशी, तू जाणती हायेस. हाय का खाली काय?"

सारजाबाईनं खड्ड्यात बघितलं. तिला सगळं ठावं. वाळवीला नुसतं लाकूड पचत न्हाई. ती ते चावती, त्याचा स्पंजावाणी गड्डा रचती, त्यावर बुरशी धरती. बुरशीनं लाकूड मऊ केलं की मग ती खाती. शेतीच की. त्याच बुरशीला पावसात वर कोंब फुटतो, ती अळंबी. आन राणी बसती पार खाली. तितवर जेसीबी गेलाच नव्हता.

"वर तर काय दिसत न्हाई, भाऊ," ती म्हणली.

औषध राहिलं. आन सुताराचा भुसा, ढलप्या, पाटी पाटी भरून हिनं भरावात घातल्या. सोपान म्हणला, मावशी, कचरा कशाला? तर म्हणती, पोकळी बुजवती रं.

पयला पावसाळा गेला. दुसऱ्याला दाराची चौकट ठोकली तर आतनं पोकळ, नुसता भोपळा. तिसऱ्या श्रावणात सकाळी सकाळी मुंबईची पावणी किंचाळत अंगणात. आत बघत्यात तर पलंगाखाली कुजल्या फळ्या फोडून भाल्याच्या टोकावाणी अळंबी वर आलेली, चांगली शंभरेक. विषारी आसंल म्हणून कुनी हात लावंना. पावणे बॅगा भरायला लागले. निलेशनं गाडी काढून सारजाबाईला आणली.

ती उंबऱ्यातच थांबली.

"मी न्हाई शिवायची. चोर म्हणशील."

"न्हाई म्हणत, मावशी. काढ."

"मंग पावण्यांना सांग, कुनाची हाय ही."

निलेशनं पावण्यांकडं बघितलं, मंग आपल्या बुटांकडं. "हिची हाय," म्हणला. "हिच्या सासूपासनं."

सारजाबाई आत गेली. एकेक देठ अलगद पीळ देऊन काढला, पाटी भरली. पण खोलीच्या मधोमध एक अळंबी तिनं तशीच ठेवली.

निलेश म्हणला, "ती का ठेवली?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली.

"एक ठेवावी लागती, भाऊ. म्हंजे फुडल्या साली परत येती."