गोपालचा कोळसा

तिसरा इळा मोडून वापस आला, तसं सिंधूताईनं पक्कं धरलं, गोपालच्या कोळशातच खोट हाय.

तिचा नवरा उकंडराव मोताळ्याचा लोहार. सांडशी त्याची, घण तिचा. सोयाबीन कापाले आठ दिवस राह्यले होते आन् बाजारात बोंब झाली होती का उकंडरावचा इळा काचावानी तुटते. यंदा नाव गेलं तं गिऱ्हाईक गेलं, कायमचं.

नांदुऱ्याहून कोळसा आणणारा गोपाल पोतं टाकून उभा होता. सिंधूताईनं एक खडा उचलला, हुंगला, दातानं फोडला.

"वहिनी, कोळसा हाय तो, बिस्कूट नोहे."

"दात काऊन काढून राह्यला बे? काल त्या खालच्या आळीतल्या लोहाराकडे काय शिजत होतं तुमचं?"

"चहा शिजत होता. दुसरं काय शिजते?"

"उचल तुझं पोतं!"

"आता गाडी भरेल हाय. उद्या नेतो," म्हणत गोपाल तोंड पाडून गेला. तोंड पाडलं म्हणजे चोरच, तिनं ठरवून टाकलं.

तिनं शेजारून दुसरा कोळसा आणला. उकंडरावनं इळा तापवला, पाण्यात बुडवला, ऐरणीवर ठोकला. टण्‌! दोन तुकडे.

"मंग तुमचे डोळेच गेले," सिंधूताई म्हणे.

"चाळीस वर्सं झाले मले. पिकल्या बोरावानी लाल झाला का पाणी पाजतो. तूच पाह्य!"

तिनं पाह्यलं. इळा बोरावानीच लाल. तो पाण्याकडे वळला आन् इळा तिच्या सावलीतून गेला. सावलीत इळा भक्कन संत्र्यावानी पेटलेला दिसला.

"थांबा! मागं घ्या."

उजेडात बोर. सावलीत संत्रं.

सिंधूताईनं वर पाह्यलं. छपरात पांढरा, आरपार दिसणारा पत्रा. ऊन सरळ भट्टीवर. पोळ्याले तिनंच भांडून बसवला होता, अंधारात बोटावर घण पडते म्हणून. सासऱ्यानं भट्टीले एकही खिडकी ठेवली नव्हती. तिले वाटे, म्हातारा चिक्कट होता. इथं उन्हात खरा रंगच दिसत नव्हता, म्हणून नवरा जास्त तापवत होता आन् इळा ठिसूळ होत होता.

तिनं शिडी लावली, पत्र्यावर गोणपाट टाकलं, वर दगड ठेवले. खाली अंधार झाला. पुढचा इळा बोरावानी झाल्याबरोबर पाण्यात गेला. उकंडरावनं रागारागानं चारदा ठोकला. चारीदा नुसता वाजला.

"तं कोळसा चांगलाच होता," तो म्हणे.

"हाव, समजलं!" ती खेकसली.

सकाळी गोपाल पोतं न्यायले आला. सिंधूताईनं पोत्यावर पाय ठेवला.

"राहू दे ते. आणखी दोन आण."

गोपाल पाहतच राह्यला. तिनं त्याच्यापुढं चहाची कपबशी ठेवली. त्यानं कप उचलला, हुंगला, उकंडरावकडे पाह्यलं.

"भाऊ, पहिले तुम्ही प्या."