रशियाला न गेलेली वाकळ

मी वाकळ बोलतेय. रशियाला न गेलेली. हसू नका. ज्या गेल्या त्यांचं त्यांना लखलाभ!

माझा जन्म परभणीकडच्या चुडावा गावचा, चांगुणाबाईच्या मांडीवरचा. जुनी लुगडी, धोतरं फाडून तिनं मला शिवलं. माझ्या मधोमध एक हिरवा तुकडा आहे, त्याची कड जळकी. तो तिच्या आईच्या लुगड्याचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हटलं म्हणून अठ्ठ्याहत्तर साली तिच्या माहेरची वस्ती पेटवली, तेव्हा म्हातारी त्या एका लुगड्यानिशी बाहेर पडली. ती कड कापून टाक, असं कुणी म्हटलं की चांगुणाबाई म्हणे, "ऱ्हाऊ द्या. दिसू द्या."

कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तिनं स्वतःचं नाव घातलं. चौथीपर्यंतची अक्षरं, पण ठसठशीत.

सत्त्याऐंशी साली मुंबईचे एक साहेब रेल्वेनं गावात उतरले. रशियात आपल्या देशाचं प्रदर्शन भरणार होतं. मी दोरीवर वाळत होते. साहेबांनी मला हात लावला आणि सोडेचनात.

"बाई, दोन देशांची दोस्ती नुसत्या करारांवर टिकत नाही. तिथल्या लोकांनी ही वाकळ पाहिली, की आपली माणसं कशी आहेत ते त्यांना कळेल. देशाकडून आहेरच समजा हा!"

शेजारची सुलाबाई ओरडली, "अगं बया! आमी परभणीच्या फुडं गेलो न्हाईत आन् तुझी वाकळ इमानात बसायलीय!"

चांगुणाबाई लाजली. खरं सांगते, मीही फुगले.

तेवढ्यात साहेबांना कोपरा दिसला. "हे नाव तेवढं उसवून द्या. लोककलेला नाव नसतं. ती सगळ्या देशाची असते."

चांगुणाबाईचा चेहराच फिरला. "साहेब, तुमच्यात लग्नात आहेर कसा देतेत?"

"म्हणजे?"

"आमच्यात भोंग्यावर पुकारतेत. साध्या टोपी-टावेलालाबी नाव घेतेत, अमक्याकडून तमक्याला. बिननावाचं ठिवलं तर त्याला आहेर न्हाई म्हणत, टाकून दिलेलं म्हणतेत."

"देशाचं नाव असेलच की वर. एका नावानं काय फरक पडतो?"

"एका नावापायी माज्या मायचं घर जळालं, साहेब. आन् मलाच इचारता, काय फरक पडतो? देशाला सुई धरता येत न्हाई. ही चांगुणानं शिवली. कळू द्या की रशियाच्या बायांना!"

सुलाबाई कुजबुजली, "येडे, इमान चाललं की गं!"

"जाऊ दे. इमान दुसरं येतंय. नाव उसवलं तर भोकं ऱ्हातेत."

तिनं माझी घडी घातली आणि सरळ माझ्यावर बसली. साहेबांच्या गाडीला अवकाश होता. तिनं त्यांना चहा दिला. मला दिलं नाही.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं, तेही जुन्या नावाला जोडून. बातमी लागली तेव्हा मी तिच्या पायांवर होते. तिनं लाल दोरा ओवला आणि माझ्या कोपऱ्यातलं विरलेलं नाव पुन्हा गिरवलं.

आता मी जागोजाग फाटलेय. नातवंडं लोळतात, मांजर माझ्यावरच व्यालं. पण कोपरा धड आहे. मला परदेशाचं वावडं नाही. रशिया म्हणा, जपान म्हणा, उद्या निघते. फक्त आधी भोंग्यावर पुकारा, "चांगुणाबाईकडून!"

मग घडी उलगडा.