चुन्याची खूण

रंगनाथ दरंदले हा एका जागी बसणारा माणूसच नव्हे. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा, तोही अर्धाच. असल्या भिंगरीला खात्यानं उंदीर मोजायला धाडलं! उंदीर मोजायचे म्हणजे घोरपडीसारखं गप पडून राहावं लागतं. पण सरकारला कोण सांगणार?

सन त्र्याहत्तरचा मार्च, दुष्काळाचं साल. नेवाशापल्याडच्या निंबगव्हाणात विहिरींना पाणी होतं, पण मचूळ. गुरंसुद्धा तोंड लावून मान फिरवायची. गोड पाणी दोन कोसांवर. म्हणून गायरानावर एक नवलाचं काम व्हायचं होतं. सिमेंटची उथळ कुंडं बांधायची, त्यांत विहिरीचं खारं पाणी भरायचं, वर तिरकी काच बसवायची. ऊन तापलं की वाफ काचेला धरणार आणि थेंब थेंब गोड पाणी खालच्या पन्हळीत उतरणार.

"ऊन म्हणाल तर पोत्यानं हाय आमच्याकडं," सरपंच रंभाजी म्हणाले. "त्येवढंच काय ते पिकतंय औंदा."

घोडं अडलं होतं ते उंदरांपाशी. काळा उंदीर जमीन पोखरतो, वरची कुंडं तडकतात. तेव्हा आधी रानात कोणकोणते उंदीर आहेत ते ओळखायचं, बिळं मोजायची, आणि काळ्याची जिवंत बिळं दहावर गेली तर जागा रद्द. मग काचा जाणार खालच्या वाडीला. तिथलं पाणीही मचूळच, आणि तिथले लोक तर टपूनच बसले होते. शनिवारपर्यंत कागद पाहिजे, असं नेवाशाच्या साहेबांनी बजावलं होतं.

रंभाजींच्या घरी सुतक होतं, म्हणून रंगनाथच्या जेवणाची सोय गायरानाला लागून राहणाऱ्या छबूबाईकडं लावली. बाई पन्नाशीची. नवरा साखर कारखान्यावर, घरात एकटी. दिवसभर खडी फोडायच्या कामावर जायची आणि दुपारच्या सुट्टीत घरी यायची. रविवारी रात्री तिनं त्याच्या ताटात पांढरीशुभ्र शाळूची भाकरी वाढली. रंगनाथ कागदात डोकं खुपसून जेवत होता. टोपल्यात फडक्याखाली एक तांबडी कड दिसली, तेव्हा एवढं मात्र विचारलं, "ही कसली हो?"

"ती कुत्र्याची," छबूबाई म्हणाली आणि फडकं नीट केलं.

झालं, एवढंच बोलणं. पठ्ठ्या पुन्हा कागदात.

सोमवारी संध्याकाळी त्यानं गायरानातल्या त्रेसष्ट बिळांची तोंडं चिखलानं लिंपून बंद केली. रीतच आहे ती. रात्रीत उंदीर जे बीळ उकरून बाहेर येतो, ते जिवंत. मंगळवारी उजाडता उजाडता बघतो तर एक्केचाळीस उघडी! एकेकाभोवती त्यानं चुन्याचं कडं ओढलं. आता संध्याकाळी प्रत्येक कड्यापाशी पिंजरा लावला, की कोणत्या बिळात काळा आणि कोणत्या बिळात शेपटीला झुपका असलेला, हे कळणार होतं. झुपकेवाला बिचारा निरुपद्रवी, त्याची कुंडांना भीती नाही.

बारा ते चार माळावर उभं राहणं शक्यच नव्हतं, मारुतीच्या देवळात पडून राहायचं. चार वाजता पिंजरे घेऊन आला, आणि त्याचं टाळकंच फिरलं. सात बिळं खणून काढलेली! नुसती तोंडं नव्हे, पार खोलवर. कोल्ह्या-कुत्र्याचं काम नव्हतं ते, पहारीचे वार स्पष्ट दिसत होते. चुन्याची कडी मातीत मिसळून गेलेली. पिंजरे लावायचे कुठं, कपाळावर?

बुधवारी आणखी सात.

"खालच्या वाडीचीच ही कारस्थानं," तो रंभाजींवर खेकसला. "माझी मोजणी नासवायची, कागद वेळेत जाऊ द्यायचा नाही, आणि काचा पळवायच्या! मी त्याला फौजदाराच्या ताब्यात देतो की नाही बघा!"

"बोभाटा नका करू, साहेब," रंभाजी हात जोडून म्हणाले. "वाडीला कळलं का मोजणी बिघडली, तर त्ये आज नेवाशाला जात्याल आमची जागा खोडायला."

उरलेल्या बिळांशी दोन रात्री पिंजरे लावून सहा झुपकेवाले आणि दोन पांढऱ्या पोटाचे चिटुकले सापडले. काळा एकही नाही. पण खणलेल्या बिळांचं काय? तिथं कोण राहत होतं, हे कळल्याशिवाय कागदावर काय लिहिणार? काळे नव्हतेच असं लिहावं तर खोटं, होते म्हणावं तर गाव पाण्याला मुकणार. त्याच्या जिवाला चैन पडेना. देवळाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या, की मारुतीलासुद्धा वाटलं असेल, हा नवस फेडतोय का बोलतोय!

गुरुवारी दुपारी तो देवळात गेलाच नाही. गायरानाच्या कडेला बाभळीआड दबा धरून उभा राहिला. ऊन असं, की डोळ्यांपुढं माळ हलत होता. साडेबाराच्या सुमाराला एक बाई पहार खांद्यावर टाकून आली. चुन्याच्या कड्यापाशी थांबली, बाहेरचा मातीचा ढीग हातानं चाचपला आणि पहार घातली. खणलेल्या बिळात हात घालून काहीतरी ओच्यात टाकलं. रंगनाथ धावतच सुटला.

"ए! थांब! टाक ती पहार!"

बाई वळली. डोईचा पदर तोंडातून सुटला. छबूबाई.

"तुम्ही?" रंगनाथचा आवाजच फाटला. "माझी तीन दिवसांची मेहनत! कुणी पैसे दिले तुम्हाला? वाडीवाल्यांनी?"

"कसलं पैसं वो?" ती बावरून त्याच्याकडं बघत राहिली. मग ओच्यातून मूठभर शाळूची कणसं काढून पुढं केली. उंदरानं कुरतडलेली, मातीनं माखलेली. "ह्ये काढतीय. ओढ्याकडंच्या पट्टीत जरा पिकलं हुतं, त्ये ह्या मेल्यांनी सुगीत खाली वढलं. तुमी पांढरी खूण केली, तवा म्हनलं साहेबानंच दावलं, हितं जिता उंदीर हाय, म्हंजी दाना बी हाय. आन उंदीर गेलं तर तुमच्या काचंला बी बरं, न्हवं का?"

"मला विचारायचं तरी!"

"कवा विचारू? तुमी जेवताना बी कागदातच. मान कुटं वर करता?"

रंगनाथनं ती कणसं हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"सरपंचानं तुमच्या नावाची मिलो दिल्ती," छबूबाई सांगू लागली. "ती तांबडी, रेशनची सरकारी जवारी. पर पाव्हन्याच्या ताटात मिलो वाढायची व्हय? पयल्या दोन दिसाला बियान्याचा शाळू ठिवला हुता, त्यो दळला. पुडं काय, ह्या इचारात हुते, तर तुमी चुना वढला."

म्हणजे तीन दिवस तो ज्या चोरीच्या नावानं बोटं मोडत होता, त्याच चोरीचं अन्न दोन्ही वेळा खात होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मटकन खाली बसला. आठवड्यात पहिल्यांदाच बसला म्हणा ना!

"मावशी," तो म्हणाला, "कोणत्या बिळात कणसं सापडली, सांगता येईल?"

"न सांगाया काय झालं? म्याच खनलं की!"

मग ती पुढं आणि तो वही घेऊन मागं. "ह्यात हुती. ह्यात नुस्ती मुळं, झुपकेवाल्याचं घर. ह्यात हुती, काळा ढोल्या पळाला माज्या पायावरून." कणसं खाली ओढून साठवतो तो काळाच, ही खूण पुस्तकातही होती. आठ झाली, नऊ झाली. दहा. रंगनाथची पेन्सिल जड झाली.

"आन ह्ये आजचं. अकरा," छबूबाई म्हणाली. त्याचा चेहरा बघून थबकली. "का वो? लई झाली का?"

दहाची अट तिला ठाऊक नव्हती. त्याला वाटलं, हे अकरावं ऐकलंच नाही असं करावं. कोण बघतंय? पण हातानं अकरा लिहिलं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. अट जिवंत बिळांची होती!

"मावशी, आता इथं राहतात का ते?"

"घर मोडलं, दाना गेला. कशाला ऱ्हातील? बसून काय भजन करत्याल?"

तरी त्यानं तिच्या शब्दावर भागवलं नाही. संध्याकाळी अकराही जागा, आजूबाजूचं तसूतसू रान, दिसेल ते भोक चिखलानं लिंपून काढलं. शुक्रवारी पहाटे गुडघ्यांवर बसून एकेक पाहिलं. अकरातलं एकही उघडलं नव्हतं. झुपकेवाले तेवढे नेहमीप्रमाणे बाहेर पडले होते. त्यानं लिहिलं, काळा उंदीर, आढळलेली बिळं अकरा, आज जिवंत शून्य. खाली कारणही लिहिलं, धान्य काढून घेतल्यामुळे स्थलांतर. जागा राहिली. पाणी येणार होतं.

एक रकाना मात्र उरला, साठ्यातल्या धान्याचं वजन. जेवायला बसताना त्यानं छबूबाईला विचारलं.

"मापलं न्हाई बाई," ती चुलीपुढून म्हणाली. "तुमी किती खाल्ल्या, त्यावरनं काडा हिशेब."

त्यानं बोटं मोजली. मंगळवार रात्रीपासून दहा. ताटात पुन्हा पांढरीच भाकरी होती, अकराव्या बिळाची.

"आणि तुम्ही?"

"मला न्हाई आवडत शाळू," छबूबाई तव्याकडं बघत म्हणाली.

रंगनाथनं ताट बाजूला सारलं, टोपलं ओढलं आणि फडक्याखालची तांबडी भाकरी उचलली. छबूबाईनं झटकन त्याचं मनगट धरलं.

"साहेब, नगा. ती कुत्र्याची हाय."

त्यानं दारातून अंगणात पाहिलं. पाच दिवसांत त्या घरात त्याला एकदाही कुत्रं दिसलं नव्हतं.